बेलतांड्याचं धुकं

जब्बारचाचा न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी एकच अट घालतो. केस कोरडे कापायचे. ती पाणी उडवायची बाटली कानाजवळ आली की तो अंगावरच्या कापडासकट उठतो. एकदा तर अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच, अशा अवतारात तो आर्णीच्या बाजारातून दुकानापर्यंत चालत आला होता. लग्नात दारावर पोरी गुलाबपाणी उडवायला उभ्या असल्या की चाचा मागच्या, आचाऱ्यांच्या दाराने शिरतो. बिर्याणीजवळ सगळ्यांच्या आधी पोचायची ही युक्ती आहे असं आम्ही त्याला चिडवायचो. कोरोनात बँकेच्या दारावर वॉचमन सॅनिटायझर फवारत होता. चाचाने दोन्ही हात पाठीमागे धरले, "मले हात नाईत समज," म्हणाला आणि बँकेत न जाताच परत आला.

आता गंमत अशी की हा माणूस धंद्याने फवारणीचे पंप दुरुस्त करतो.

माझं फ्लेक्सचं दुकान त्याच्या दुकानाला लागून आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, काय वाटेल ते मी छापतो. मधली भिंत पत्र्याची, आणि ती इतकी इमानदार की तिकडची शिंक इकडे येते. त्यामुळे चाचाचं काम मी पाहतो कमी आणि ऐकतो जास्त. पंप तपासायची त्याची स्वतःची रीत आहे. टाकीत पाणी भरायचं, बॅटरी जोडायची आणि नळीच्या टोकाचं नोझल काढून ठेवायचं. नोझल म्हणजे ती पितळेची टोपी, जिच्या सुईएवढ्या भोकातून पाण्याचं धुकं होतं. ती काढली की नुसती धार पडते. बादलीत धार पडली की पंप पास.

गिऱ्हाईक म्हणतं, "चाचा, नोझल लावून तं दाखव, फवारा कसा पडते."

"वावरात पाह्यजो. माह्या दुकानात धुकं होत नाई."

तीनेक वर्षं मला वाटायचं, म्हातारा लहरी आहे. मग एका दुपारी गल्ली ओस पडलेली असताना पत्र्याच्या पलीकडून तो कुणाशी तरी बोलताना ऐकू आला. "जा ना बाप्पा आता. जा." मी डोकावलो. दुकानात तो एकटाच, हातात वायसर, नजर दाराकडे. दारात कुणी नव्हतं.

"कोण होतं चाचा?"

"सेवादास."

एवढंच म्हणाला. बाकीचं त्या दिवशी आणि नंतरच्या कित्येक दुपारी, तुकड्यातुकड्याने बाहेर आलं.

आठ वर्षांपूर्वी, त्या साली पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी पडली, आणि गावोगाव फवारणी सुरू झाली. आपल्याकडे फवाऱ्याला कुणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. औषध आणलं का, औषध मारलं का. टाक्या मोजून काम असतं. टाकी लवकर रिकामी झाली की माणूस लवकर मोकळा. पण कंपनीच्या नोझलचं भोक बारीक, टाकी संपता संपत नाही. चाचाकडे एक दाभण होतं, चपला शिवायचं, दगडावर घासून सुईसारखं केलेलं. भोकात घालून दोन फेरे दिले की भोक मोठं. बाकीचे मिस्त्री नोझल फोडून ठेवायचे; चाचाचा हात बसलेला होता. मग ते नोझल ओठांना लावून फुंकायचं आणि उजेडाकडे धरून पाहायचं. तासभर ओठ बधिर राहायचे. "पान खाल्ल्यावानी लागे," असं तो सांगतो, आणि सांगताना ओठ पुसतो.

त्या साली जवळच्या बेलतांड्यातली, बंजाऱ्यांच्या वस्तीतली, पाच माणसं गेली. कितीतरी जणांचे डोळे पंधरा-पंधरा दिवस गेले होते. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात चाचा पाहायला गेला, कारण आजारी पडलेल्यांत त्याची अर्धी गिऱ्हाइकं होती. तिथे माणसं खाटेला बांधलेली होती, पट्ट्यांनी, तडफडून खाली पडू नयेत म्हणून. एका खाटेवर सेवादास राठोड होता. चाचाने तो चेहरा ओळखला. आठ दिवसांपूर्वीच तर हा दुकानाच्या दारात उभा राहून हसत म्हणाला होता, "लहान भोक कायले देतं चाचा, मोठं करून दे." आणि चाचाने करून दिलं होतं. नेहमीपेक्षा एक फेरा जास्तच, कारण माणूस हसून बोलला.

तिसऱ्या दिवशी सेवादास गेला.

साहेब लोक आले. औषधाचं विचारलं, दुकानदाराचं विचारलं, तोंडाला फडकं बांधलं होतं का विचारलं. कुणी म्हणे वारा, कुणी म्हणे उंच पराटी, कुणी म्हणे दोन औषधं एका टाकीत घोटली. सतरा कारणं लिहून नेली. भोक हे अठरावं, ते कुणी विचारलंच नाही.

"कोनी आरोप केला असता नं," चाचा म्हणायचा, "तं मी भांडलो असतो. म्हणलं असतं, भोकानं कुठं मानूस मरते का. पण कोनी बोललंच नाई."

तेव्हापासून सेवादास दुपारी येतो. दारात उभा राहतो. हसत नाही, बोलत नाही.

"कसा दिसते?" मी एकदा विचारलं. उगाच, चेष्टेच्या सुरात.

"चांगला दिसते. निळा कोट असते. टाय बी."

यावर मी हसायला हवं होतं. कोट-टाय लावून पंप दुरुस्तीला कोण येतं? पण मला हसू आलं नाही, कारण तो कोट माझा होता.

म्हणजे असं, की श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला होता. घरून आलेल्या फोटोत सेवादास बनियनवर, शेळीच्या शेजारी. आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाला कुणी बनियनवर पाठवत नाही. कॉम्प्युटरमध्ये कोट तयार असतात. मान नीट बसवली की झालं. मी तेव्हा नवीन, माझ्याकडे एकच कोट होता. निळा. बेलतांड्याची पाचही माणसं त्याच कोटात गेली. चार महिने तो फ्लेक्स आर्णीच्या चौकात लटकत होता, आणि चाचा रोज त्याच्याखालून दुकानात येत होता.

हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण भुताच्या अंगातला कोट खोटा म्हणून भूतही खोटं, असं थोडंच असतं? मी माझ्या दुकानात परतलो. पत्रा मध्ये होताच.

चाचाला एकच गोष्ट करायची होती. सेवादासच्या बायकोला, भागीरथाला, सांगायचं होतं. ती बाजाराच्या दिवशी दुकानासमोरूनच जायची. ती दिसली की चाचा खाली वाकून वायसर शोधायला लागायचा. आठ वर्षांत त्याने इतके वायसर शोधले की दुकान वायसरनी भरून जायला पाहिजे होतं. जमिलाचाची म्हणायची, "एक बार सांगून टाका. नाई तं कबरीत बी पंप खोलून बसान तुमी."

ते दाभण मात्र त्याने फेकलं नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं. पिशवी रोज खांद्यावर.

यंदा बेलतांड्याचे सरपंच वामनराव यांनी स्मारकाचं मनावर घेतलं. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक होती. नावांची पाटी करायची म्हणून मी गेलो, पाण्याची पाइपलाइन पाहायला कुणीतरी मिस्त्री हवा म्हणून चाचाला नेलं. त्याने तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा माझ्या गाडीवर बसला.

वामनरावांचं म्हणणं, पुतळा करावा. पाठीवर पंप, हातात नळी, नजर आभाळाकडे. मागून एक म्हातारा म्हणाला, "मेल्यावर तरी त्याच्या पाठीवरचा पंप उतरवा राजेहो." पुतळा तिथेच पडला. मग कुणीतरी सुचवलं, सिमेंटचं उमललेलं बोंड करू, पाच पाकळ्यांचं, एका पाकळीला एक माणूस. त्यावर बायकांतून आवाज आला, "फुटलेलं बोंड दिसलं का आमाले वाटन, चला वेचाले." बोंडही गेलं.

तेव्हा अंकुर उठला. वामनरावांचा पुतण्या, नागपुरात आर्किटेक्ट आहे. पोरगा वाईट नाही. दोन दिवस घरोघर चहा पीत फिरला होता आणि त्याच्या वहीत सगळ्यांची दारं काढलेली होती. तो म्हणाला, "स्मारक म्हणजे दगडात केलेली उपमा असते. आपण त्या माणसांसारखं काही करायचं नाही. त्यांच्या आठवणीसारखं करायचं." मग त्याने चित्र दाखवलं. पाच काळे दगड, माणसाच्या उंचीचे. प्रत्येकाच्या माथ्यावर बारीक नोझल. रोज सकाळी त्यातून धुकं निघेल आणि दगडांवर उतरेल. "आठवण धुक्यासारखी असते. दिसते, वेढते, पण मुठीत येत नाही."

एवढं सुंदर बोलणाऱ्याला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, माझ्या एकाही फ्लेक्सवर इतकं चांगलं वाक्य आजवर आलेलं नाही. भागीरथा कोपऱ्यात बसली होती, तिने मान हलवली की नाही ते दिसलं नाही.

"जब्बारभाई," वामनराव म्हणाले, "नोझलचं काम तुमच्याशिवाय कोण करन?"

चाचा जमिनीकडे पाहत होता.

परतताना गाडीवर मी मागे वळून विचारलं, "धुकं नको म्हणून सांगितलं काहून नाई?"

"नको म्हणीन तं पोरगं विचारन काहून. मंग?"

"मंग सांगायचं."

"समोर पाहून गाडी चालव बे."

थोड्या वेळाने आपणच म्हणाला, "ज्या हातानं मोठं केलं त्याच हातानं बारीक करतो. खुदाच्या मनात तेच असन."

पाच नोझल त्याने इतकी जपून बनवली की तेवढं जपून कुणी लेकीचे दागिनेही पारखत नाही. केसाएवढं भोक. पण धुकं पडतं की नाही हे धुकं पाडल्याशिवाय कसं कळणार? आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दुकानातून तो आवाज आला. सुऽऽऽ. मी पत्र्याला कान लावला नव्हता, लावायची गरजच नव्हती. सुऽऽऽ, मग थोडी शांतता, मग उलटीचा आवाज. असं पाच वेळा. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर तोंडाला गमछा बांधून, भिंतीला पाठ टेकून बसला होता.

"आज आला नाई तो," म्हणाला. "धुक्याले भेला असन."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी चाचणी ठेवली. अंकुरने नोझल दगडात पक्की बसवली होती, चोरीला जाऊ नयेत म्हणून. नऊच्या सुमारास तांडा जमला. पोरं पुढे, बायका मागे, वामनराव खुर्चीवर. चाचाने कळ दाबली.

खरं सांगतो, छान दिसलं. पाच काळ्या दगडांच्या माथ्यांवरून पांढरं धुकं उठलं, उन्हात चमकलं, एका दगडाशी इंद्रधनुष्याचा तुकडाही पडला. अंकुरने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मग हळूहळू खाली आणला.

कारण सगळा तांडा वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला होता.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वारा कुठून आहे हे पाहण्यासाठी एकाने मूठभर माती उडवली, आणि पायांनी आपोआप जागा बदलल्या. बायकांचे पदर नाकावर गेले. एकीने धाकट्याला ओढून कुशीत घेतलं. जवळच्या घरातून एक म्हातारी तुरुतुरु निघाली आणि पाण्याच्या माठावर झाकण ठेवून परत आली. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलंही नाही. त्या सुऽऽऽ मध्ये साठ-सत्तर माणसं पाठमोरी उभी होती आणि कुणी श्वास घेत नव्हतं.

भागीरथा एकटी धुक्याकडे तोंड करून होती. ती म्हणाली, "बंद कर, बाप्पा."

अंकुर धावत गेला, तांड्यात आईला मारतात तशी हाक मारत. "याडी, नुसतं पाणी आहे. प्यायचं पाणी."

"आमाले बी औषधच म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली.

चाचाने कळ बंद केली. आवाज थांबला तरी कान थांबले नाहीत. अंकुर दगडाला टेकून उभा राहिला. या लोकांसाठी धुकं म्हणजे फवाराच, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याचं तोंड उतरलं. वामनराव म्हणाले, उद्या पाहुणे यायचे आहेत, आता काय करायचं. कुणीतरी म्हणालं, कोरडेच राहू द्या दगड.

"कोरडे नको," भागीरथा म्हणाली. ती दगडाजवळ आली होती. "वावरात त्यानं पानी मागलं. डोये जळतेत, पानी टाक म्हणे. पानी कुठं होतं? होतं तेवढं पंपात ओतलं होतं. मी पानी न्यायची डबकी उलटी करून पाह्यली." तिने दगडावर हात ठेवला. "पानी पडू द्या. पन असं नाई. चांगलं, हातात येन असं."

अंकुर म्हणाला, "नोझल काढली तर धार पडेल. पण ती दगडात चिकटवलीत, दगड फुटेल."

मी चाचाकडे पाहिलं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत मला एकट्यालाच माहीत होतं की त्याच्या पिशवीच्या तळाशी काय आहे.

तो खाली बसला, पिशवी उपसली, ट्यूबचा तुकडा उलगडला. दाभणाला गंज नव्हता. मधूनमधून तेल देत असणार, मला कधी सांगितलं नाही. ते हातात घेऊन तो उठला आणि दगडाकडे न जाता भागीरथासमोर जाऊन उभा राहिला.

"भाभी, भोक मोठं करायच्या आधी एक सांगायचं हाय."

"सांगा."

"तुमच्या मालकाचं नोझल मीच मोठं केलतं. याच्यानंच. तो दुकानात आला, हसून बोलला, मी एक फेरा जास्त देल्ला. जास्त औषध अंगावर आलं ते माह्यामुळं. आठ वर्षं झाले सांगून राह्यलो मनात."

ती म्हणाली, "तो कवा आलता तुमच्या दुकानात?"

"मरायच्या आठ-दहा रोज आधी. दारात उभा होता."

"जब्बारभाई, तो आर्णीले आलाच नाई त्या महिन्यात. वावरातून सुटतच नव्हता." ती अगदी हळू बोलत होती, आजारी माणसाशी बोलतात तसं. "पंप घेऊन मी आलती. कमरेवर घेऊन. मीच म्हणलं, लहान भोक कायले देता, मोठं करून द्या. टाकी लवकर सरन, दिवस असता घरी येन, पोरगी त्याची वाट पाह्यते. हसली बी मीच. तुमी मान वर करून पाह्यलं बी नाई, कामात होते."

चाचाचे ओठ हलले. "मंग तो कोन..."

"त्याले तुमी दवाखान्यातच पाह्यलं असन. अन् मंग फोटोत."

निळ्या कोटातल्या फोटोत. मी पाटीवरची नावं वाचायला लागलो, जशी काही ती मी छापलेली नव्हतीच.

माफ केलं असं भागीरथा म्हणाली नाही, तुमची चूक नव्हती असंही नाही. आठ वर्षं ती त्या दुकानासमोरून जात होती आणि चाचा वायसर शोधायला वाकला की तिला काय वाटत असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. भोक मीच मोठं करायला लावलं हे ह्याला माहीत आहे, म्हणून हा माझं तोंड पाहत नाही, असंच वाटत असणार.

"उन वर येऊन राह्यलं," ती म्हणाली. "करा मोठं."

केसाएवढं भोक दाभणाच्या बुडाएवढं करायला एकेका दगडाला अर्धा-पाऊण तास लागला. पितळेचा भुगा काळ्या दगडावर पडत होता. लोक पांगले, वामनराव पाहुण्यांना फोन करायला गेले, अंकुर दाभण घासायला दगड आणून देत होता. भागीरथा तिथेच बसून होती. पहिलं झाल्यावर चाचाने सवयीने तोंड जवळ नेलं, फुंकायला, आणि मधेच थांबला. तिने पदराचं टोक पुढे केलं. चाचाने त्या टोकाने भुगा पुसला.

दुपारी कळ दाबली. आवाज आला नाही. पाच धारा दगडांवरून खाली उतरल्या, जाड, वेड्यावाकड्या. चौथीचं भोक जरा तिरपं गेल्यामुळे ती अजूनही डावीकडे पडते. भागीरथाने ओंजळ धरली आणि डोळ्यांवर पाणी मारलं. एकदा, दोनदा. मग उठून घरी गेली.

आता फवारणी करून येणारी माणसं तिथे थांबतात, हात-तोंड धुतात, डोळ्यांत पाणी मारतात. पाहुण्यांपैकी एकाने अंकुरला विचारलं म्हणे, याच्यामागे संकल्पना काय? तो म्हणाला, नळ आहे.

चाचाला मी अखेर कोटाचं सांगून टाकलं. बराच वेळ हसला. माझ्याकडून त्याला इतकी चांगली थाप अपेक्षित नव्हती म्हणाला, आणि मग थाप नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"मंग आता येत नसन तो," मी म्हणालो.

"तो नाई येत." त्याने पंपाची टाकी उचलली, नोझल काढून बाजूला ठेवलं. "आता ती येते. कमरेवर पंप घेऊन. मी मान वर नाई करत तोवर उभी राह्यते."

"मंग मान वर करायची."

"करतो नं," चाचा म्हणाला. "पन तवा कुठं केली होती. चेहराच दिसत नाई तिचा."

बादलीत धार पडायला लागली. तो पंप पास झाला.